डब्यातली ओळ कोण बदलणार?

गेल्या नोव्हेंबरात सकाळी सहाला नानांचा फोन आला. निफाड तालुक्यात त्यांची अडीच एकर द्राक्षबाग आहे आणि ती तेव्हा ऐन फुलोऱ्यात होती. त्यांच्यासह चौदा बागांत मी पाऊस मोजणारे डबे बसवलेत. रात्री अवकाळी झाला होता. "भाऊ, रात्रभर डोक्यावर पत्रा वाजत होता, आणि तुमचा डबा म्हणतो सात मिलिमीटर. सात मिलिमीटरला पत्रा असा वाजतो का?"

मी म्हणालो, पत्र्याचा काय भरवसा नाना, दोन थेंब पडले तरी ढोल वाजतो. ते काही बोलले नाहीत. नाना बोलत नाहीत तेव्हा समजावं की त्यांच्याकडे पुरावा आहे. अंगणात त्यांनी सरळ काठाचं एक स्टीलचं पातेलं ठेवलं होतं. सकाळी त्यात पट्टी बुडवून पाहिलं, तर पाणी जवळजवळ दहा मिलिमीटर भरलं.

डब्यातलं पर्जन्यमापक म्हणजे साधी ढकलपाटी असते. आत एक छोटा दुहेरी चमचा. एक बाजू भरली की कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरी बाजू भरू लागते. प्रत्येक कलंडण्याला चुंबकाचा एक खटका बसतो. डबा फक्त खटके मोजतो आणि त्यांना एका आकड्याने गुणतो. माझ्या बहुतेक डब्यांवर बसवलेली पाटी ०.२ मिलिमीटरला कलंडते. नानांच्या डब्यावर मात्र ऑनलाइन स्वस्तात मिळणारी दुसरी पाटी होती, ०.२७९४ वाली. त्या रात्री ती ३५ वेळा कलंडली. ३५ गुणिले ०.२ म्हणजे सात. ३५ गुणिले ०.२७९४ म्हणजे पावणेदहाच्या किंचित वर. पातेलं बरोबर होतं.

चूक माझीच होती. आधी प्रत्येक डब्याचा आकडा त्याच्या स्वतःच्या वेगळ्या फाइलीत असायचा. दिवाळीच्या सुट्टीत मी सगळं "नीटनेटकं" करायला बसलो, तो आकडा मुख्य फाइलीत, म्हणजे डबा चालवणाऱ्या प्रोग्रामात, घातला आणि घरी, पंचवटीत, चहाचा कप हातात घेऊन चौदाच्या चौदा डब्यांना नवी फाइल पाठवली. हवेतून, तार न लावता. दोन डब्यांवर वेगळी पाटी आहे हे त्या वेळी डोक्यात आलंच नाही. ती चूक चौदा बागांत पोचायला चार मिनिटंही लागली नाहीत.

मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. नानांचा पुतण्या पॉलिटेक्निकला आहे. त्याने डब्याचं बटण दाबलं, डब्याच्या वायफायला मोबाइल जोडला आणि ब्राउझरमध्ये फाइल उघडली. मी पोचायच्या आत त्याने ती ओळ शोधून ठेवली होती. "काका, इथे पॉइंट दोन आहे. आपल्या पाटीच्या बुडाला तर वेगळंच लिहिलंय." हे त्याला जमलं याचं एकच कारण आहे. डब्यात जे चालतं ते वाचता येतं.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढी चिप. वॉशिंग मशिनमध्ये असते, गेटच्या मोटारीत असते, ड्रिपच्या व्हॉल्व्ह कंट्रोलरमध्ये असते. तिच्यासाठी प्रोग्राम बहुधा सी भाषेत लिहितात, संगणकावर त्याचं मशीन कोड करतात आणि तो गठ्ठा चिपमध्ये ओततात. एकदा ओतला की बाहेरून पाहणाऱ्याला शून्य-एकची रास दिसते. त्यातला ०.२ शोधणं म्हणजे शिजलेल्या मिसळीतून मटकीचा एकच दाणा ओळखणं. डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणी काढून मायक्रोपायथन, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं चिपसाठीचं छोटं रूप, उभं केलं, तेव्हापासून दुसरी वाट खुली झाली. चिपमध्ये भाषेचा इंटरप्रिटर कायमचा बसतो आणि आपण लिहिलेली फाइल तो तिथेच वाचून चालवतो. हा इंटरप्रिटर २५६ केबी जागेत आणि १६ केबी रॅममध्ये मावू शकतो. आपल्या डब्यातल्या इएसपी-३२ चिपवर तो जरा ऐसपैस पसरतो, दीड-पावणेदोन एमबी घेतो, पण तो बदलायची वेळ क्वचित येते. बदलतं ते आपलं लिखाण, आणि माझी मुख्य फाइल नऊ केबीची आहे.

दिंडोरीच्या पुढे ज्या घळीत मोबाइलची एकच काडी येते आणि तीही लाजत येते, तिथे दीड एमबी उतरवायला बसलं तर संध्याकाळ होते. नऊ केबी मात्र एका श्वासात उतरते. डब्यात इंटरप्रिटर आणि बाहेर बिनतारी रस्ता, अशी जोडी शेतातल्या यंत्रांना म्हणून चपखल बसते. माझ्या आधीच्या पद्धतीत प्रत्येक दुरुस्तीला लॅपटॉप घेऊन मोटारसायकलवर निघायचं, डबा उघडायचा, आतली पालीची अंडी आणि मुंग्या झटकायच्या, मग कळायचं की सोबत आणलेली केबल नुसती चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या तारा नाहीतच. ज्याने हे केलंय त्याला बिनतारी अपडेट का हवं हे पटवावं लागत नाही.

तेव्हा बिनतारी अपडेट असावं का, हा माझा प्रश्न नाही. असावंच. बागेतल्या डब्यातली ओळ कोणाच्या परवानगीने बदलावी, हा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की ती परवानगी डब्याच्या मालकाची, म्हणजे शेतकऱ्याची असली पाहिजे. आणि ज्या यंत्राला सरकारी अनुदानाचा रुपया लागतो, त्याच्या बाबतीत ही अट कागदावर लिहिलेली असली पाहिजे.

याला कारण आहे. नाशिक जिल्ह्यात एका द्राक्षघडामागे किती कागद असतात हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. ती धग ज्या घरांना लागली ती घरं अजून विसरलेली नाहीत. निर्यातीच्या बागेची अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदणी असते, घडाचा माग प्लॉटपर्यंत काढता येतो, कोणतं औषध कोणत्या तारखेला किती मारलं याची वही असते. छान. पण ती फवारणी का केली? आज बऱ्याच बागांत उत्तर येतं, "मशिनने डाऊनी रोगाचा इशारा दिला म्हणून." त्या दिवशी मशिनमध्ये कोणती आवृत्ती चालू होती? पानाचा ओलावा किती तास धरला तर धोका, हा आकडा त्या आठवड्यात कोणी बदलला होता का? वहीत औषधाचा बॅच नंबर असतो, सल्ला देणाऱ्या कोडचा आवृत्ती क्रमांक मात्र नसतो. घडाचा माग लागतो, सल्ल्याचा लागत नाही.

आणि पैसा तर सरळच गुंतलेला आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरतो. पाऊस किती, तापमान किती, सलग किती दिवस. माझे चौदा डबे त्यात कुठेच येत नाहीत, ते ज्याच्या त्याच्या बागेपुरते. पण तत्त्व तेच आहे. कुठल्याही स्वयंचलित केंद्रात पाऊस म्हणजे शेवटी खटके गुणिले एक आकडा. तो आकडा चुकला तर नानांच्या सात-दहासारखा फरक पडतो, आणि भरपाईची रेषा त्या दोहोंच्या मधून जात असली तर? केंद्राची पाटी वर्षातून किती वेळा तपासली हे विचारायला आपण आता कुठे शिकतोय. आतली ओळ कधी बदलली हे अजून कोणी विचारत नाही.

अंबडच्या एका कारखान्यात पॅनलचं काम करताना माझा एका जुन्या मित्राशी यावर वाद झाला. तो उपकरणांच्या कंपनीत आहे आणि हुशार आहे. त्याचं म्हणणं मी इथे पूर्ण मांडतो, कारण ते हलकं नाही. एक, शेतकरी कोड वाचणार नाही. नानांचा पुतण्या हा अपवाद. दोन, वाचता येतं ते बदलताही येतं. उद्या कोणी शेजाऱ्याच्या डब्यात शिरून त्याचं पाणी बंद करेल. तीन, आणि हे सगळ्यात वजनदार, सुरक्षेची दुरुस्ती परवानगीची वाट पाहत बसली तर भोक उघडंच राहतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने घराघरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. अशा लाखो मालकांच्या होकाराची वाट कोण पाहणार?

पहिल्या मुद्द्यावर माझं उत्तर सोपं आहे. सातबारा तरी किती जण स्वतः वाचतात? तलाठ्याकडे, वकिलाकडे, गावातल्या एखाद्या जाणत्याकडे नेतात. पण तो वाचता येण्यासारखा असतो म्हणून नेता येतो. वाचणारा प्रत्येक घरात नको, तालुक्यात चार असले तरी पुरे.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे आणि आमच्या जमातीने ते मान्य करायला हवं. मायक्रोपायथनमध्ये वेबरेपल नावाची सोय आहे. ब्राउझरमधून थेट डब्यात शिरता येतं, फाइल टाकता येते. शिकताना फार मजा येते. पण तिचा पासवर्ड जास्तीत जास्त नऊ अक्षरांचा आणि तो उघड्या तारेवरून जातो, कूटबद्ध होत नाही. तिथल्या नेहमीच्या रिक्वेस्ट्स या तयार कोडच्या लायब्ररीने फाइल उतरवली तर समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र आपोआप तपासलं जात नाही, म्हणजे मधे कोणी तोतया बसला तर डबा त्याचीही फाइल आनंदाने घेईल. हौशी मंडळी हे असंच शेतात नेऊन बसवतात. मीही पहिलं वर्ष तेच केलं. उपाय आहे. फाइलीवर पाठवणाऱ्याची डिजिटल सही असावी आणि डब्याने ती तपासल्याशिवाय फाइल चालवू नये. पण सही करणं वेगळं आणि झाकून ठेवणं वेगळं. नोटेवर गव्हर्नरची सही असते, म्हणून काय नोट आपल्याला वाचता येत नाही? नाशिकरोडला नोटा छापणाऱ्या गावाला हा फरक मी काय सांगायचा.

इंटरप्रिटेड भाषा म्हणजे पोरखेळ, खरं काम सीमध्ये, असंही मित्र जाता जाता बोलून गेला. त्याला जेम्स वेब दुर्बिणीची आठवण करून दिली. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असलेल्या त्या दुर्बिणीची निरीक्षणं जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट चालवून होतात. इंटरप्रिटर तिकडे, स्क्रिप्ट इकडून. तिथे मोटारसायकलवर जाऊन केबल लावायची सोयच नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मी अर्धा मागे हटतो. खरंच भोक पडलं असेल, बाहेरून कोणी शिरत असेल, तर ती दुरुस्ती आधी जावी आणि सूचना सोबत जावी. पण "सुरक्षा" या शब्दाखाली काय काय जातं ते पाहिलं पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराकडे एका कंपनीचा ड्रिप कंट्रोलर आहे. एका रात्री त्याला अपडेट आलं, कारण लिहिलं होतं "सुरक्षा आणि सुधारणा". सकाळी त्याला दिसलं की गेल्या तीन हंगामांच्या पाण्याच्या नोंदी पाहायच्या तर आता वर्षाला पैसे भरावे लागतील. नोंदी त्याच्या, पाणी त्याचं, वीजबिल त्याचं. व्हॉल्व्ह पूर्वीसारखेच उघडत होते, म्हणजे यंत्र काही बिघडलं नव्हतं. फक्त मालकी गुपचूप सरकली होती. त्याने कस्टमर केअरला फोन केला, तिथल्या मुलीने फार गोड आवाजात त्याला नियम आणि अटी वाचायला सांगितल्या.

चांगल्या हेतूनेही घात होतो. २०१७ मध्ये अमेरिकेत लॉकस्टेट नावाच्या कंपनीने एका मॉडेलच्या स्मार्ट कुलपांना चुकून दुसऱ्याच मॉडेलचं अपडेट पाठवलं. सुमारे ५०० कुलपं मेली. ती पुन्हा दूरवरून दुरुस्तही होईनात, कारण अपडेट घेण्याची ताकदच त्यांच्यात उरली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी रिव्हॉल्व्ह नावाच्या घरगुती यंत्राची सेवा मालक कंपनीने बंद केली आणि लोकांनी विकत घेतलेले डबे शोभेचे झाले. माझी ०.२ ची चूक याच कुळातली, फक्त गरीब घरची.

म्हणून अटी काय असाव्यात, तर फार मोठ्या नाहीत. नव्या फाइलीने जुनीवर थेट बसू नये. आधी शेजारी उतरावी, तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा, जुळावा, मग नावं बदलावीत. जुनी तशीच मागे राहावी. नवी फाइल तीन वेळा सुरू होऊन तीन वेळा कोसळली तर डब्याने कोणालाही न विचारता जुनीवर यावं. अडकलेली चिप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर जवळपास प्रत्येक चिपमध्ये फुकट बसलेला असतोच. सुरुवातीची छोटी बूट फाइल हवेतून कधीच बदलू नये, कारण तीच परतीची वाट. मधेच लाइट गेली तरी फाइल अर्धी राहू नये. आमच्याकडे थ्री-फेज कधी येते आणि कधी जाते याचं वेळापत्रक पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व कळेल. हे सगळं पन्नास-साठ ओळींत होतं. महाग काही नाही.

पाचशे रुपयांच्या चिपवर आणखी दहा रुपयांची एक गोष्ट मी आग्रहाने मागेन, ती म्हणजे बटण. नवी आवृत्ती आली की डब्यावरचा पिवळा दिवा लुकलुकेल, मोबाइलवर मराठीत चार ओळी येतील, काय बदललं, का बदललं. मालक बटण दाबेल तेव्हा ती लागू होईल. नाही दाबलं तर जुनी चालू राहील. आणि कोणत्या तारखेपासून कोणती आवृत्ती चालू आहे, हे डबा स्वतःच्या वहीत लिहून ठेवेल, म्हणजे उद्या विम्याच्या किंवा निर्यातीच्या टेबलावर ते पान उघडता येईल.

हे काही जगावेगळं नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेलं घरगुती यंत्र विकताना सुरक्षेची अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते सांगावं लागतं, आणि सरसकट सगळ्यांना एकच पासवर्ड घालून विकता येत नाही. युरोपच्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. त्यात सुरक्षेची अपडेट आपोआप व्हावीत असं आहे, पण सोबत वापरणाऱ्याला कळवणं, ती पुढे ढकलता येणं आणि आपोआपपणा बंद करता येणं हेही आहे. माझ्या मित्राच्या तिसऱ्या मुद्द्याला हेच उत्तर आहे. ज्या युरोपात आपली द्राक्षं जातात तिथल्या ग्राहकाला हा हक्क मिळणार असेल, तर द्राक्ष पिकवणाऱ्याला का नको? आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, आणि त्यात शेतीची अवजारं पहिल्या चार क्षेत्रांत घेतली. चांगली सुरुवात. पण तिथे दुरुस्ती म्हणजे अजून सुटा भाग आणि सर्व्हिस सेंटर. आजच्या अवजारात बिघडणारा भाग बऱ्याचदा ओळ असतो.

राज्यानेही २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद ठेवून. त्या पैशातून शेताशेतात डबे येणार. निविदेत सेन्सरची अचूकता लिहिलेली असेल, बॅटरीचं आयुष्य लिहिलेलं असेल, वॉरंटी असेल. कोड वाचता येईल का, अपडेटला मालकाचा होकार लागेल का, कंपनी बंद पडली तर अपडेटवर सही करायची किल्ली कोणाकडे जाईल, या तीन ओळी आत्ता घातल्या तर फुकट आहेत. डबे बसल्यावर त्याच ओळींसाठी कोर्टाची पायरी चढावी लागेल.

शहरालाही हे लवकरच लागणार आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदेकाठी किती खांब आणि किती सेन्सर उभे राहतील ते बघालच. पुराची पातळी मोजायला नाशिककरांकडे आजवर एकच विश्वासू यंत्र होतं, गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी गुडघ्याला, पाणी कमरेला, पाणी गळ्याला. रामकुंडावर उभा असलेला कोणीही ते वाचू शकतो, आणि मारुतीची कमर रात्रीतून कोणी वर-खाली सरकवू शकत नाही. धोक्याची पातळी उद्या एखाद्या फाइलीतल्या ओळीत असेल तर ती ओळ मारुतीइतकी उघड्यावर असावी, एवढंच मागणं आहे.

मी माझ्या चौदाही डब्यांना बटणं बसवली. डिसेंबरात सुधारलेली आवृत्ती पाठवली, प्रत्येक डब्याचा आकडा पुन्हा त्याच्या वेगळ्या फाइलीत घालून. नानांनी दुसऱ्याच दिवशी बटण दाबलं, पण आधी पुतण्याकडून फाइल वाचून घेतली आणि पातेलं अंगणातून हलवलेलं नाही. बाकी बारा जणांनी आठवडाभरात दाबलं. एक जण राहिले. ते दिवाळीतल्या आवृत्तीवरच आहेत. त्यांची पाटी ०.२ ची आहे, त्यामुळे पाऊस बरोबर येतो, पण बॅटरीची एक दुरुस्ती त्यांना मिळालेली नाही. मी दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी म्हणाले, "पावसाचा आकडा बरोबर येतोय ना? मग खरड छाटणी होऊ दे, तेव्हा बघू."

त्यांच्या डब्याचा पिवळा दिवा अजून लुकलुकतोय.